झाडावरची दाढी: रोग, शेवाळ की दगडफुलाचा भाऊबंद?

पनवेलहून मी बोलतेय. ज्यांना ऐकायला सवड होत नाही, किंवा ज्यांच्या डोक्यात वाचूनच शिरतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत. मध्येच आमच्या कुकरची शिट्टी झाली होती, तीही गाळली. बाकी जवळजवळ जसंच्या तसं.

आजचा विषय मी निवडलेला नाही. तो मामाच्या फोनवरून आला.

मार्च महिना होता. आमच्याकडे गोड्या मसाल्याची तयारी चालली होती. गच्चीत धणे वाळत होते, खोबरं किसून झालं होतं, आणि आई वर्तमानपत्रावर मसाल्याच्या पुड्या सोडून बसली होती. तेवढ्यात मामाचा फोन आला. मामा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावात राहतो. घरातून निघालं की पंधरा मिनिटांत पाय वाळूला लागतात.

"अगं, परसातल्या रायवळाला रोग लागलाय," मामा म्हणाला. "सगळ्या फांद्यांना करड्या दाढ्या लोंबतायत. गडी म्हणतो, बुरशी आहे, झाड खाऊन टाकणार. शेजारच्या कलमांवर गेली तर माझं वर्षाचं उत्पन्न गेलं. पुढच्या आठवड्यात माणसं आणतो आणि तोडून टाकतो."

फोन स्पीकरवर होता. ते झाड आजोबांनी लावलेलं, आणि आईचा झोका त्याच झाडाला असायचा. आई काही बोलली नाही, नुसती हातातली बडीशेप निवडत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्याला सांग, दोन आठवडे थांब म्हणावं. आणि तू बघ ते काय आहे."

मी काही वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चार पुस्तकं आणि एक दहापट भिंग एवढंच माझं भांडवल. पण झाड तोडायचं की नाही हे एका ओळखीवर अडलं होतं, तेव्हा नीट ओळखणं भाग होतं. ती ओळख कशी पटवली, तेच आज सांगते.

आधी, हे काय नाही

मामाने व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला. करड्या, पांढुरक्या, फाटे फुटलेल्या पट्ट्यांचे झुबके फांदीला लोंबत होते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची विरळ दाढी असावी तसे.

पहिला संशय सगळ्यांना येतो तो बांडगुळाचा. पण बांडगुळाला खरी हिरवी पानं असतात, फुलं येतात, फळं येतात, आणि त्याची मुळं झाडाच्या आत घुसून झाडाचं पाणी ओढतात. कुणाच्या जिवावर जगणाऱ्याला आपण बांडगूळ म्हणतो ते उगीच नाही. फोटोतल्या झुबक्यांना ना पान होतं ना फूल.

दुसरा संशय शेवाळाचा. पावसाळ्यात खोडावर जे मऊ, हिरवंगार, मखमलीसारखं वाढतं त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. त्यातलं बरंचसं खरं तर मॉस असतं, आणि त्याला भिंगाखाली इवलीइवली पानं दिसतात. इथे पानं नव्हती, हिरवा रंगही नव्हता.

तिसरी गल्लत अलीकडची. नर्सरीत 'स्पॅनिश मॉस' म्हणून करड्या जटा टांगून विकतात, पनवेलमध्येही मिळतात. ते मॉसही नाही आणि आपल्या आजच्या विषयातलंही नाही. ते फुलं येणारं झाड आहे, अननसाच्या कुळातलं. गंमत म्हणजे त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'उस्नियासारखं दिसणारं' असा आहे. ही उस्निया कोण, ते पुढे येईलच.

मग उरलं काय? लायकेन. मराठीत त्याला शैवाक असा शब्द आहे. पण तुमच्या घरात त्याचं जे नाव चालतं ते याहून सोपं आहे: दगडफूल.

मसाल्याच्या डब्यातला नातेवाईक

दगडफूल हे फूल नाही, आणि ते फक्त दगडावरच येतं असंही नाही. बाजारात येणारं पुष्कळसं दगडफूल डोंगरातल्या झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं. उत्तराखंडात याच मालाला 'झूला घास' म्हणतात आणि त्याचा मोठा व्यापार चालतो.

शैवाक म्हणजे एक प्राणी किंवा एक वनस्पती नव्हे, ते एक बिऱ्हाड आहे. एक बुरशी घर बांधते आणि त्या घरात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला वाटा बुरशीला देतं. बुरशी त्याला ऊन-वाऱ्यापासून आडोसा देते, ओल धरून ठेवते. सायमन श्वेंडेनर नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ साली हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं, तेव्हा त्या काळच्या मोठ्या मोठ्या शैवाकतज्ज्ञांनी त्याची टर उडवली होती. आज ते शाळेच्या पुस्तकात आहे. शिवाय २०१६ साली कळलं की बऱ्याच शैवाकांच्या सालीत आणखी एक यीस्टसारखी बुरशी राहते. म्हणजे बिऱ्हाड वाटलं होतं त्याहून मोठं निघालं.

आता मामाच्या झाडासाठी यातलं महत्त्वाचं काय? तर या बिऱ्हाडात स्वयंपाक घरीच होतो. शैवाकाला मुळं नसतात. ते पाणी घेतं पावसातून, धुक्यातून, दवातून. झाडाच्या सालीला ते फक्त धरून बसतं, जसा आपण दोरीवर टॉवेल टाकतो. झाडातून ते काही ओढून घेत नाही.

दिसण्यावरून शैवाकांचे ढोबळ तीन प्रकार करतात. पहिला, खोडाला रंग फासावा तसा चिकटलेला पापुद्रा. दुसरा, पानासारखा पसरट, कडा सुटलेला. आपलं दगडफूल यातलं. आणि तिसरा झुडपासारखा: एका बुंध्याशी धरलेला, तिथून फाटे फुटून उभा राहणारा किंवा लोंबणारा. मामाची दाढी या तिसऱ्या प्रकारातली होती.

म्हणजे पहिली पायरी पार पडली. पण 'झुडपासारखं शैवाक' म्हणजे 'चार पायांचं जनावर' म्हटल्यासारखं झालं. गाय, घोडा की गाढव?

पार्सल, आणि माझी चूक

फोटोवरून इथून पुढे जाता येत नाही. मी मामाला म्हटलं, दोन झुबके पाठव. त्याने पाठवले, मामेभावाबरोबर एसटीने. पण मीच सांगायला विसरले होते, म्हणून त्याने ते ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दिले. पनवेलच्या स्टँडवर हातात पडलं तेव्हा आत घाम धरला होता आणि झुबक्यांना बुरस आला होता. घरी येऊन उघडलं तर कुबट वास.

तेव्हा लक्षात ठेवा, शैवाकाचा नमुना कधीही प्लास्टिकमध्ये ठेवायचा नाही. वर्तमानपत्राच्या पुडीत, कोरडा करून. वाळला तरी तो खराब होत नाही, वाळणं त्याच्या रोजच्या सवयीतलं आहे. वर्षानुवर्षं हर्बेरियममध्ये असाच कागदी पाकिटात राहतो.

दुसऱ्या वेळी कागदात आला. आणि नेमकं त्याच दिवशी आई दगडफुलाची पुडी निवडत होती.

तुम्ही कधी ती पुडी नीट पाहिलीय का? वरून करडे, खालून काळे असे चुरगळलेले पापुद्रे हे मुख्य दगडफूल. पण त्यात काड्या असतात, सालीचे तुकडे असतात, आणि अधूनमधून दोऱ्यासारखं, फितीसारखं काहीतरी असतं. आई ते कचरा म्हणून बाजूला टाकते. मी म्हटलं, "आई, तो कचरा मला दे."

कारण जंगलातून काढणारा माणूस झाड खरवडतो तेव्हा त्यावर जे जे असेल ते सगळं येतं. दगडफुलाच्या पुडीत झुडपी शैवाकंही मिसळून येतात. त्या दिवशी ओट्यावर माझ्याकडे मामाचा नमुना होता, आणि तुलनेला आईचा कचरा. डोंगरात न जाता याहून चांगली शाळा कुठे मिळणार?

मी तीन खुणा तपासल्या. त्याच तुम्हाला देते.

पहिली खूण: ओढून बघा

वाटीभर पाण्यात तुकडे पाच मिनिटं भिजवा. हे टाळू नका. वाळलेलं शैवाक पापडासारखं मोडतं आणि काहीच कळत नाही. भिजलं की ते मऊ होतं, रंगही थोडा उजळतो.

आता गोल, दोऱ्यासारखी फांदी घ्या आणि दोन्ही टोकांना धरून हळूच ओढा. वरची साल मण्यांसारखी तुटत गेली आणि आत पांढरा, रबरासारखा ताणला जाणारा दोरा दिसला, तर ती उस्निया. हा मधला दोरा ही उस्नियाची सगळ्यात भरवशाची खूण. महाबळेश्वरसारख्या उंच, धुक्याच्या जागी झाडांवर पिवळट हिरव्या दाढ्या दिसतात, त्यात ही असते. आपल्या सह्याद्रीच्या नावावरून तर तिच्या एका जातीचं नावच पडलंय, उस्निया घाटेन्सिस. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या जातीवर प्रयोगशाळेत काम झालेलं आहे.

आईच्या कचऱ्यात असे दोन तुकडे निघाले. आईने स्वतः ओढून पाहिलं आणि म्हणाली, "अगो बाई, हे तर नाडीसारखं ताणतंय!"

मामाचा नमुना ओढला. तो तुटला. आत दोरा नव्हता. म्हणजे उस्निया बाद.

दुसरी खूण: दोन्ही बाजू बघा, रंग बघा

दोरा नाही आणि आकार चपट्या फितीसारखा आहे, तर ती फीत उलटी करा. वरची बाजू करडी आणि खालची काळी, कडेला केस, असं असेल तर ते खरं झुडपी नव्हे. ते दगडफुलाच्याच घरातलं, फक्त अंगाने सडपातळ. पुडीत हे पुष्कळ सापडतं.

दोन्ही बाजू सारख्याच असतील तर आपण योग्य वाटेवर आहोत. आता रंग. पिवळट हिरवा, फिका पोपटी असेल तर रामालिना असण्याची शक्यता मोठी. रामालिना आणि उस्निया या दोघींच्याही सालीत उस्निक आम्ल नावाचं पिवळट द्रव्य असतं, त्यामुळे दोघींना ती झाक येते. फरक एवढाच की रामालिना चपटी आणि बिनदोऱ्याची. जुन्या पुडीत हा रंग उडून गवतासारखा होतो, म्हणून फक्त रंगावर विसंबू नका.

मामाच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी सारख्या होत्या. पण पिवळेपणा औषधालाही नव्हता. पांढुरका करडा, राखेसारखा रंग. काही ठिकाणी पीठ सांडल्यासारखे ठिपके. आणि नखाने वरची साल खरवडली तेव्हा खाली हिरव्याऐवजी पिवळसर नारिंगी झाक दिसली.

ही झाक मला ओळखीची वाटली. कोकणात पावसाळ्यानंतर माडाच्या खोडांवर, जुन्या भिंतींवर भगवा रंग चढलेला तुम्ही पाहिला असेल. तो ट्रेंटेपोहलिया नावाच्या शैवालाचा असतो. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवण्याजोगं. काही शैवाकांच्या बिऱ्हाडात हेच भगवं शैवाल स्वयंपाकाला असतं. रामालिनात नाही, उस्नियात नाही. मग कोणात?

तिसरी खूण: ब्लीचचा एक थेंब

शैवाकतज्ज्ञ ओळख पटवायला काही रसायनं वापरतात. त्यातलं एक तुमच्या मोरीत आहे: साधं कपड्यांचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. काही शैवाकांत अशी द्रव्यं असतात की ब्लीचचा थेंब पडला की साल क्षणात लाल होते.

मी काचेच्या बशीत मामाचा तुकडा ठेवला, काडीने सालीवर थेंब सोडला आणि भिंग लावून बसले. काहीच झालं नाही. मिनिटभर थांबले. तरी नाही.

इथे मी जवळजवळ मामाला चुकीचं सांगणार होते. तेवढ्यात बाटलीवरची तारीख दिसली. दीड वर्ष जुनी! ब्लीच ठेवून ठेवून मरतं. खाली जाऊन नवी बाटली आणली. आधी तिची परीक्षा घेतली: आईच्या पुडीतला दगडफुलाचा पापुद्रा घेतला, वरचा करडा थर खरवडून आतला पांढरा गर उघडा केला, त्यावर थेंब टाकला. दगडफुलाच्या काही जाती यात लाल होतात, काही होत नाहीत, म्हणून चार-पाच पापुद्रे पाहिले. दोन लाल झाले. ब्लीच जिवंत होतं.

मग मामाचा तुकडा. थेंब टेकला आणि साल कुंकवासारखी लाल झाली. थोड्या वेळात रंग उडालाही. पुडीतल्या रामालिनावर आणि उस्नियावर तोच थेंब टाकला, तर त्या जशाच्या तशा.

दोरा नाही, दोन्ही बाजू सारख्या, पिवळेपणा नाही, आत भगवं शैवाल, ब्लीचला लाल, आणि घर समुद्राच्या वाऱ्यात. हे सगळं एका नावापाशी येतं: रोसेला. भारताच्या किनारपट्टीवर झाडांच्या खोडांवर वाढणारी यातली नेहमीची जात म्हणजे रोसेला माँटॅग्नेई.

दोन सूचना. ब्लीच कधीही संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर किंवा अमोनियाबरोबर एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. आणि ब्लीच लागलेले तुकडे थेट कचऱ्यात, मसाल्यात नाही. आईने त्या दिवशी माझी बशी सुद्धा वेगळी काढून ठेवली, ती अजून परत घेतलेली नाही.

आणि प्रामाणिकपणे एवढंही सांगते की घरच्या ओट्यावर आपल्याला आडनाव कळतं, पूर्ण नाव नाही. उस्निया, रामालिना, रोसेला ही आडनावं. त्यातली नेमकी जात ठरवायला सूक्ष्मदर्शक लागतो, आतली द्रव्यं वेगळी करून बघावी लागतात. द. ध. अवस्थी यांनी १९८८ साली भारत आणि नेपाळमधल्या मोठ्या शैवाकांची ओळखसूची प्रसिद्ध केली, आजही अभ्यासक तिच्यापासून सुरुवात करतात. पुण्यात पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा यांनी आयुष्यं या कामात घातली. आपण त्या वाटेच्या पहिल्या वळणावर आहोत.

शाळेतला निळा कागद

रोसेला हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण तिला तुम्ही शाळेत हात लावलाय. लिटमस आठवतो? निळा लिटमस आम्लात तांबडा होतो, म्हणून आपण दहावीपर्यंत घोकलं. तो लिटमस पूर्वापार शैवाकांपासून करतात, आणि त्यात रोसेलाच्या जाती प्रमुख. शैवाक कुटायचं, अमोनियात आणि चुन्यासारख्या क्षारात आठवडेच्या आठवडे मुरवायचं, हवा लागू द्यायची. त्यातून निळा रंग उतरतो. जुन्या काळी अमोनियासाठी शिळं मूत्र वापरत, आता नाक मुरडून काय उपयोग! याच शैवाकांपासून युरोपात जांभळा रंगही काढत. फ्लॉरेन्समधलं रुचेल्लाई घराणं या रंगाच्या व्यापारावर श्रीमंत झालं.

मी मामाला फोन करून हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी लिटमसचं झाड तोडणार होतो?"

मग झाड वाळत का होतं?

पण मामा काही एवढ्यावर मानणारा नाही. त्याने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. "तुझं शैवाक निरपराध आहे म्हणतेस, तर मग ते नेमकं आजारी झाडावरच का आलं? शेजारच्या भरलेल्या कलमांवर एवढं नाही."

उत्तर असं की आपण घटनेची वाट उलटी धरतो. शैवाकातल्या शैवालाला ऊन लागतं. दाट पानांच्या झाडाच्या आत अंधार असतो. झाड काही कारणाने अशक्त झालं, पानं विरळ झाली, की फांद्यांवर ऊन पडतं आणि तिथलं शैवाक फोफावतं. शिवाय म्हाताऱ्या झाडाची साल जुनी, खरखरीत, वर्षानुवर्षं न हललेली. बहुतेक शैवाकं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, त्यांना अशीच निवांत जागा लागते. म्हणजे दाढीमुळे झाड म्हातारं होत नाही, झाड म्हातारं झालं म्हणून दाढी दिसते.

आणि यातला खरा धोका हा की दाढीकडे बघता बघता खऱ्या रोगाकडे दुर्लक्ष होतं. गड्याच्या म्हणण्यावरून बोर्डो मिश्रण मारलं असतं तर शैवाक मेलं असतं, सगळ्यांना समाधान झालं असतं, आणि झाड तसंच वाळत गेलं असतं.

मी मामाला म्हटलं, फांद्या सोड, बुंधा बघ. भोक आहे का, भुसा पडलाय का, डिंक वाहतोय का. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. बुंध्यापाशी पाचोळा सारला तर लाकडाचा भुसा, आणि वर हाताच्या अंतरावर भोक. भिरूड. आंब्याचा खोडकिडा. त्याची अळी खोडाच्या आत बोगदे करत जाते आणि वरच्या फांद्यांचा पाणीपुरवठा तोडते. शिवाय शेंड्याकडच्या दोन फांद्यांवर चांगलं पोसलेलं बांडगूळ निघालं. खरे गुन्हेगार दोघं, आणि पकडलं होतं तिसऱ्यालाच.

पुढचं काम मामाने तिथल्या जाणकाराला विचारून केलं. तारेचा आकडा करून अळी बाहेर ओढली, भोकात औषधाचा बोळा घालून वर चिखल लिंपला. बांडगुळाच्या फांद्या त्याच्या खाली घेऊन छाटल्या. दाढ्यांना हात लावला नाही.

पनवेलमध्ये काय दिसतं?

हे सगळं ऐकून काही जण उद्याच सोसायटीतल्या आंब्याखाली भिंग घेऊन उभे राहतील. त्यांना आधीच सांगते, पनवेल शहरात झुडपी शैवाक सापडलं नाही तर निराश होऊ नका. मी इतकी वर्षं शोधतेय, मलाही गावात दिसलेलं नाही.

याची कारणं दोन. एक हवामान: उस्निया, रामालिनाला उंचावरचं धुकं आवडतं, आणि आपण डोंगरांच्या पायथ्याशी उन्हात बसलोय. दुसरं हवा. शैवाकाला पानांसारखं मेणाचं आवरण नसतं. पावसाबरोबर, दवाबरोबर हवेतलं जे येईल ते सगळं ते पिऊन टाकतं. त्यात गंधकाचा धूर असला तर आतलं शैवाल मरतं. झुडपी शैवाक चारही बाजूंनी हवेत उघडं, म्हणून बहुधा तेच आधी जातं. विल्यम नायलँडर याने १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांवरून शहराच्या हवेबद्दल लिहिलं, तेव्हापासून शैवाकांकडे हवेची तब्येत सांगणारे म्हणून पाहिलं जातं. आपल्या एका बाजूला तळोज्याचे कारखाने, मधून महामार्ग. पण म्हणून 'झुडपी शैवाक नाही, म्हणजे हवा वाईट' असं थेट म्हणू नका. धुकं नसेल तर स्वच्छ हवेतही ते येणार नाही. पूर्वी होतं आणि आता गेलं, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

शहरात दिसतात ते पापुद्रे. सुपारीच्या, फणसाच्या गुळगुळीत सालीवर पांढऱ्या ठिगळात बारीक काळ्या रेघा दिसतात, कुणीतरी मोडी लिहून ठेवल्यासारख्या. ते ग्राफिस, त्या नावाचा अर्थच लिहिण्याशी जोडलेला आहे. रस्त्याकडेच्या झाडांवर करडी, खोडाला घट्ट बसलेली गोल ठिगळं असतात. त्यातलं पिक्सिन कोकोज हे धूर सोसणारं, म्हणून आपल्याकडे शहरांच्या हवेच्या अभ्यासात ते वापरतात. पावसाचे दोन थेंब पडले की ही ठिगळं बघा, करड्याची हिरवी होतात. आतलं शैवाल जागं झालेलं असतं.

आणि कृपा करून तोडू नका. कर्नाळ्याला गेलात तर ते अभयारण्य आहे, तिथलं पानही उचलायचं नाही. इतर ठिकाणी वाऱ्याने पडलेली फांदी बघा, त्यावर पुष्कळ मिळतं. वीतभर झुबका वाढायला कित्येक वर्षं गेलेली असतात आणि खरवडायला आपल्याला एक मिनिट लागतं.

मला फोटो पाठवणार असाल तर एवढं करा: एक फोटो लांबून, सगळं झाड दिसेल असा. एक जवळून, शेजारी दहाचं नाणं ठेवून. एक पट्टीच्या उलट्या बाजूचा. सोबत झाड कोणतं आणि समुद्र किंवा डोंगर किती लांब, ते लिहा. ओढून पाहिलं असेल तर दोरा निघाला की नाही, हेही.

शेवटी मामाच्या झाडाचं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मामेभाऊ पुन्हा एसटीने आला. हातात लहानशी पेटी. झाडाला यंदा फार फळ धरलं नाही, आणि पुढच्या वर्षी ते कितपत सावरेल हे मामालाही सांगता येत नाही. पण आईने त्या आंब्यांचं कोयाडं केलं, आणि एक फळ हातात घेऊन बराच वेळ नुसती वास घेत बसली.

पेटीत वर्तमानपत्राची एक पुडी पण होती. आत वाळलेला करडा झुबका आणि मामाच्या अक्षरात चिठ्ठी: "कागदातच पाठवलाय."

चला मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. पाऊस येतोय, खोडं ओली होतील, बघत राहा. भेटू पुढच्या भागात.